सातबाऱ्याच्या वाटेने आलेली मदत

२६ मार्च २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांचे गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले, तो देशव्यापी टाळेबंदीचा दुसराच दिवस होता. भद्रावती, वरोरा, कोरपना या चंद्रपूर जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यात तेव्हा शेवटच्या वेच्याचा कापूस घरोघरी पडून होता. भाव वाढेल म्हणून काहींनी तो मुद्दाम राखून ठेवला होता, काहींना खरेदी केंद्रावर नंबरच लागला नव्हता. जिनिंग बंद, केंद्रे बंद, गाड्या बंद. अशा वेळी टीव्हीवर बातमी आली की शेतकऱ्यांच्या खात्यात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन हजार रुपये जमा होणार.

पैसे खरेच जमा झाले. देशभरातील ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांसाठी ही घोषणा होती, आणि कार्यालये बंद असतानाही बहुतेकांच्या मोबाइलवर जमा झाल्याचा संदेश आला. सरकारी मदतीचा अनुभव असलेल्या माणसाला हा वेग नवलाचा वाटावा असाच होता. मात्र हे दोन हजार कोरोनासाठी नव्याने काढलेले नव्हते.

पीएम किसान सन्मान निधी ही योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर सुरू झाली. वर्षाला सहा हजार, दर चार महिन्यांनी दोन हजार. आधी ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती होती. जून २०१९ पासून जमीन कितीही असली तरी लागू झाली. २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी ७५ हजार कोटींची तरतूद होती आणि तो अर्थसंकल्प १ फेब्रुवारी २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीची कुणाला कल्पना नसताना मांडलेला होता. एप्रिल ते जुलै या काळात कधीही द्यायचा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीला दिला गेला, एवढाच काय तो फरक. ८ कोटी ७० लाख गुणिले दोन हजार म्हणजे १७ हजार ४०० कोटी रुपये होतात. पॅकेजच्या आकड्यात ते धरलेले होते. गंमत अशी की वर्षअखेरीस सुधारित अंदाज आले तेव्हा योजनेची तरतूद ७५ हजारांवरून ६५ हजार कोटींवर उतरलेली होती. ज्या वर्षी शेतकऱ्याला सर्वाधिक गरज होती, त्याच वर्षी या खात्यावरचा खर्च ठरल्यापेक्षा कमी धरला गेला.

तरीही लवकर आलेल्या पैशाला किंमत असते. खरिपाच्या तोंडावर उधारीचे बियाणे आणि रोखीचे बियाणे यांत जो फरक पडतो, तो कृषी केंद्राच्या पायरीवर उभ्या असलेल्या कुणालाही सांगावा लागत नाही. २०२० मध्ये बीटी कापसाच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ७३० रुपये होती. एकरी दोन पाकिटे धरली तर १,४६० रुपये, आणि ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीचे २६६ रुपये ५० पैसे. दोन हजारांत उरले २७३ रुपये ५० पैसे. डीएपीची गोणी बाराशेच्या घरात असल्याने ती या हिशेबात बसतच नाही. एका एकराची पेरणी उभी करायला मदत झाली; फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी हे सगळे पुढे होतेच.

पैसा इतक्या लवकर कसा पोहोचला, हे समजून घेण्यासारखे आहे. लाभार्थ्यांची यादी आधीच तयार होती. २०१९ च्या सुरुवातीला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी गावोगाव बसून सातबारा, आठ-अ, आधार आणि बँक पासबुक यांची जुळणी केली होती. ही यादी तहसील, जिल्हा आणि राज्य पातळीवर तपासून दिल्लीला गेली. तिथून पीएफएमएस या सरकारी प्रणालीतून रक्कम थेट खात्यात. मधे ना तहसीलचे खेटे, ना कुणाची शिफारस. कोरोनासाठी नवी यादी करायची ठरवली असती तर ती एप्रिलमध्ये काय, दिवाळीपर्यंतही झाली नसती. म्हणून सरकारने हाताशी असलेली यादी वापरली. निर्णय व्यवहार्य होता, हे मान्यच करायला हवे. पण तयार यादी वापरली की तिच्यातली भोकेही वापरली जातात.

बँकेतून पैसे काढणे हे वेगळेच काम होते. त्याच पॅकेजमध्ये महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा पाचशे रुपये येणार होते आणि शाखांपुढे झुंबड उडू नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून तारखा ठरवून दिल्या गेल्या: शून्य किंवा एक असेल तर ३ एप्रिल, दोन किंवा तीन असेल तर ४ एप्रिल, असे ९ एप्रिलपर्यंत. बस बंद असताना लांबच्या खेड्यातून बँकेत यायचे कसे, याचे उत्तर वेळापत्रकात नव्हते. जिथे बँक मित्र किंवा टपाल खात्याचा पोस्टमन अंगठ्याचे यंत्र घेऊन पोहोचला, तिथे काम झाले. कष्टाने झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, ही अडचण मात्र टाळेबंदीच्या आधीही होती आणि नंतरही राहिली.

आता त्या भोकांकडे वळू. योजनेचा नियम असा की १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावावर शेतजमीन आहे, तो शेतकरी. त्यानंतर वारसाहक्काखेरीज कुणाच्या नावावर जमीन आली तर तो पात्र नाही. या एका अटीने भद्रावतीसारख्या तालुक्यात काय होते, ते पाहण्याजोगे आहे. इथे ठेक्याने किंवा बटईने शेती करणारे गावोगाव आहेत. मालक नोकरीनिमित्त चंद्रपूर-नागपूरला, किंवा वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) माजरी खाणीत, किंवा आयुध निर्माणीत. शेत कसणारा दुसराच. वर्षाचा ठेका आगाऊ मोजायचा, बियाणे-खत आपले, पाऊस चुकला तर तोटाही आपला. व्यवहार तोंडी, कारण विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याची आठवण अजून जमीनमालकांच्या मनातून गेलेली नाही. कागद केला तर कसणारा उद्या कूळ म्हणून हक्क सांगेल, ही भीती. त्यामुळे सरकारच्या लेखी ठेकेदार शेतकरी अस्तित्वातच नाही. पीककर्ज नाही, अनेकदा पीकविमा नाही, नुकसानभरपाई आली तर ती मालकाच्या खात्यात, आणि सन्मान निधीही मालकाच्याच.

बाईचे तेच. निंदण, खुरपण, वेचणी ही शेतातली निम्म्याहून जास्त मेहनत तिची, पण बहुतेक घरांत सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे. योजनेने कुटुंब मोजले ते पती, पत्नी आणि अज्ञान मुले असे, आणि पैसे गेले ज्याच्या नावावर जमीन त्याच्याकडे. जनधनचे पाचशे रुपये हीच तिच्या स्वतःच्या नावाने आलेली रक्कम होती, आणि तेही तिचे खाते चालू असेल तर.

तिसरा गट या तालुक्याचा खास आहे. भद्रावतीची ओळख सांगताना लोक विजासनची बौद्ध लेणी, केसरियाजी पार्श्वनाथाचे जैन मंदिर आणि भद्रनागाचे देऊळ सांगतात; तालुक्याच्या जमिनीची गोष्ट मात्र कोळसा आणि विजेने लिहिली आहे. माजरीच्या परिसरात वेकोलिच्या खाणी, बरांजला कर्नाटकच्या वीजकंपनीसाठी कोळसा काढणारी खाण, आणि नव्वदच्या दशकात निप्पॉन डेन्रोच्या वीजप्रकल्पासाठी संपादित केलेली जमीन. तो प्रकल्प उभाच राहिला नाही. ज्यांची शेते गेली, त्यांच्यातले काही मोबदला आणि नोकरी घेऊन सावरले, काही दुसऱ्याच्या शेतात राबू लागले. सातबाऱ्यावरचे नाव पुसले गेले की शेतकऱ्यासाठीच्या प्रत्येक योजनेतून तो आपोआप वजा होतो, मग आयुष्य शेतीत गेले असले तरी.

उलट बाजूनेही यादीत दोष होते. प्राप्तिकर भरणारे, डॉक्टर-वकील-अभियंते, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी नोकर, दहा हजार किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे हे सगळे नियमाने अपात्र; पण शेत त्यांच्याही नावावर असते. २०१९ मध्ये स्वयंघोषणेवर काम भागले आणि २०२० मध्ये यादी प्राप्तिकर विभागाच्या माहितीशी ताडून पाहिली गेली. जुलै २०२१ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार देशभरातील ४२ लाखांहून अधिक अपात्र खातेदारांकडून सुमारे २,९९२ कोटी रुपये वसूल करायचे होते. त्यांत महाराष्ट्रातले सुमारे साडेचार लाख खातेदार आणि ३५८ कोटी रुपये होते. तहसीलदारांच्या सहीच्या नोटिसा गावोगाव निघाल्या. त्यांत धनदांडगे होते तसेच मुलाच्या कर्जासाठी किंवा ट्रॅक्टर घेण्यासाठी एक-दोन वर्षे विवरणपत्र भरलेले साधे शेतकरीही सापडले.

मदत कुणाला आणि किती, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत त्याच एप्रिलमध्ये अगदी वेगळ्या पद्धतीने शोधले गेले. १७ एप्रिल २०२० रोजी अमेरिकी कृषी खात्याने १९ अब्ज डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना द्यायचे होते. तिथे प्रत्येक काउंटीत किंवा दोन-तीन काउंट्या मिळून कृषी खात्याचे कार्यालय असते. मका किती, सोयाबीन किती, गुरे किती, जानेवारी ते एप्रिल या काळात भाव किती पडले, यावरून रक्कम ठरायची. एका व्यक्तीला कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेदोन कोटी रुपयांहून जास्त. म्हणजे तिथला निकष नुकसान हा होता. पण ज्याचे पीक मोठे त्याचे नुकसान मोठे, म्हणून रक्कमही मोठी. लहान शेतकरी, भाजी पिकवून थेट विकणारे, कृष्णवर्णीय शेतकरी मागे पडले, ही टीका तिथे झालीच. मार्च २०२१ मध्ये भेदभाव सोसलेल्या शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी चार अब्ज डॉलर ठेवले गेले, तर गोऱ्या शेतकऱ्यांनी दाद मागितली आणि न्यायालयांनी ती योजना अडवली. इतक्या दूर कशाला, गडचिरोलीच्या सिरोंचातून नदी ओलांडली की तेलंगण. तिथे रयतु बंधू योजनेत प्रत्येक हंगामाला एकरी पाच हजार रुपये मिळत होते. दहा एकरवाल्याला पन्नास हजार, कुळाने कसणाऱ्याला तिथेही शून्य. ओडिशाच्या कालिया योजनेने मात्र भूमिहीन आणि बटईदार कुटुंबांना यादीत जागा दिली होती, म्हणजे हे अशक्य कोटीतले काम नव्हते.

भद्रावतीच्या शेतकऱ्याचे त्या वर्षीचे नशीब दोन हजारांनी ठरलेच नाही. ते ठरले कापसाने. २०१९-२० च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. मार्चअखेर खरेदी बंद पडली आणि एप्रिलच्या शेवटी ती अडखळत सुरू झाली, तेव्हा बाजार समितीत ऑनलाइन नोंदणी, टोकन, दिवसाला मोजक्याच गाड्या, ग्रेडरची चणचण आणि जिनिंगमधले परप्रांतीय मजूर गावी परतलेले, अशी अवस्था होती. पावसाळा तोंडावर. व्यापारी हमीभावाच्या बऱ्याच खाली मागत होता. समजा, घरात वीस क्विंटल आहे आणि व्यापाऱ्याला हजार रुपये कमीने दिला, तर तोटा वीस हजारांचा. सन्मान निधीचे दहा हप्ते एका झटक्यात गेले. ज्यांचा माल भारतीय कापूस महामंडळाने किंवा पणन महासंघाने हमीभावाने घेतला, त्यांना त्या वर्षी खरी मदत मिळाली म्हणायची. महामंडळाने त्या हंगामात देशभरात एक कोटीहून जास्त गाठींचा कापूस खरेदी केला. ही खरेदी कोणत्याही पॅकेजच्या मथळ्यात नव्हती.

दुसरी तशीच न गाजलेली मदत म्हणजे तारीख. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरले तर केंद्राकडून व्याजात तीन टक्क्यांची सूट मिळते. तारीख चुकली की सूट गेली. कापूस विकलाच नाही तर भरणा करणार कशातून? केंद्राने ही मुदत आधी ३१ मे आणि मग ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवली. एक लाखाच्या कर्जावर वर्षाला तीन टक्के म्हणजे तीन हजार रुपये होतात. सरकारच्या एका परिपत्रकाने वाचवलेली ही रक्कम एप्रिलच्या हप्त्याहून मोठी होती, आणि तिच्यासाठी कुणी फलक लावले नाहीत.

राज्य सरकारची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. डिसेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर केली: ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकलेले दोन लाखांपर्यंतचे पीककर्ज माफ. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी लागली, ६८ गावांची. आधार प्रमाणीकरणाला सेवा केंद्रांवर रांगा लागल्या आणि महिनाभरात टाळेबंदी आली. तिजोरी आटली, ४ मेच्या आदेशाने बहुतेक खात्यांना अर्थसंकल्पाच्या ३३ टक्केच निधी मिळणार असे ठरले. यादीत नाव आहे, पण पैसे बँकेत आलेले नाहीत, म्हणून शेतकरी अजून थकबाकीदार. आणि थकबाकीदाराला नवे कर्ज नाही. असे सुमारे अकरा लाख शेतकरी राज्यात अडकले होते. मे महिन्यात शासनाने यावर तोडगा काढला: या शेतकऱ्यांच्या खात्यावर ती रक्कम 'शासनाकडून येणे' अशी दाखवावी आणि त्यांना खरिपासाठी नवे कर्ज द्यावे. कागदावर हा उत्तम उपाय होता. गावपातळीवर तो शाखेगणिक बदलत गेला. काही शाखांनी आदेश पाळला, काही वरून पत्र यायची वाट बघत बसल्या, आणि जून काही थांबत नाही.

नियमित कर्ज भरणाऱ्याची कथा तर आणखी लांबली. त्याला पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन देण्याची घोषणा मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात झाली होती. कोरोनामुळे ती बाजूला पडली. प्रत्यक्ष रक्कम वाटायला २०२२ उजाडले, तोवर सरकारही बदलले होते.

पूर्वेकडे, जंगलाच्या दिशेने जावे तसा 'शेतकरी' आणि 'मजूर' यांतला फरक पुसट होत जातो. चंद्रपूर-गडचिरोलीतील हजारो माणसे धानाचे काम आटोपले की तेलंगणात खम्मम, वरंगलकडे मिरची तोडायला जातात. टाळेबंदी लागली तेव्हा ती तिथेच अडकली. कित्येक जण जंगलवाटेने पायी परतले. मार्च-एप्रिल हा मोह वेचण्याचा काळ, त्यामागोमाग तेंदूपानांचा. आठवडी बाजार बंद, व्यापारी येईना. केंद्राने १ मे २०२० रोजी ४९ गौण वनोपजांच्या आधारभूत किमती वाढवल्या, पण मोहाचा हंगाम तोवर सरत आला होता.

आदिवासी कुटुंबांसाठी राज्याने जुनी खावटी योजना पुन्हा उभी केली. १९७८ पासून पावसाळ्यातील उपासमारीच्या दिवसांत दिले जाणारे हे कर्ज मधल्या काळात बंद पडले होते. सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयाने ते एका वर्षापुरते पूर्ण अनुदान झाले. कुटुंबाला चार हजार, दोन हजार रोख आणि दोन हजारांचा किराणा. एकूण ११ लाख ५५ हजार कुटुंबे, ४८६ कोटी रुपये. इथली यादी करण्याची पद्धत लक्षात घेण्याजोगी होती. सातबाऱ्याऐवजी रोजगार हमीवर किमान एक दिवस काम केलेले मजूर, कोलाम-माडिया-कातकरी या आदिम जमातींची कुटुंबे, पारधी, वैयक्तिक वनहक्क मिळालेले, आणि विधवा, परित्यक्ता, भूमिहीन अशी गरजू घरे. म्हणजे नेमकी ती माणसे, जी सन्मान निधीच्या यादीत सापडत नाहीत. निवड नेमकी होती, वेग मात्र नव्हता. टाळेबंदी मार्चमधली, निर्णय सप्टेंबरमधला, आणि १३ एप्रिल २०२१ रोजी दुसऱ्या लाटेत राज्याने ५,४७६ कोटींचे पॅकेज जाहीर केले तेव्हा खावटीचे दोन हजार त्यात पुन्हा मोजलेले दिसले. पावसाळ्याच्या उपासमारीसाठीचा पैसा दुसऱ्या पावसाळ्याच्या दारात आला.

धान्याने मात्र घरे तगवली. एप्रिल ते नोव्हेंबर २०२० माणशी पाच किलो मोफत, म्हणजे पाच जणांच्या घरात आठ महिन्यांत दोन क्विंटल. हे मिळाले प्राधान्य आणि अंत्योदय शिधापत्रिकांवर. केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य देणारी राज्याची जी खास योजना होती ती चौदा जिल्ह्यांपुरती. नागपूर विभागातून त्यात फक्त वर्धा. चंद्रपूर नाही. भद्रावतीच्या शेतकऱ्याला हे कळायचे ते दुकानदाराने कार्ड परत दिल्यावर.

त्या वर्षी कोरोनाच एकटा नव्हता. जूनमध्ये सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुराने ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीकडचा धान बुडवला, मग परतीचा पाऊस. ऑक्टोबरमध्ये राज्याने दहा हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले, हेक्टरी दहा हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पंचनामा झाला तो पुन्हा सातबाऱ्यावरच्या नावाने.

पुढे सन्मान निधीची यादी अधिक कडक झाली. ई-केवायसी, आधारला जोडलेले खाते आणि जमिनीच्या नोंदींची जुळणी सक्तीची झाल्यावर २०२२ मध्ये देशभरातले लाभार्थी दहा कोटींहून अधिक होते ते आठ कोटींच्या आसपास आले. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधी आणून आणखी सहा हजारांची भर घातली, पण लाभार्थी तेच, पीएम किसानच्या यादीतले. त्यानंतर आलेला शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या अभिलेखाशीच जोडलेला आहे. ठेक्याने करणाऱ्याला तो काढायचा तर मालकाचा सातबारा लागतो, आणि मालकाकडे स्वतःचा क्रमांक असतोच.